गावाचं नाव घातलं की उघडतं

बजरंग सुताराने आमच्या नेट कॅफेतल्या पहिल्या केबिनचं दार उचकटलं तेव्हा मी गल्ल्यापाशी तांदूळ निवडत बसले होते. काम दोनच वर्षांचं होतं, पण प्लायवूड फुगल्यामुळे बिजागरी सुटेना. त्याने पेचकस आत घालून जोर दिला आणि दार एकदम त्याच्या अंगावर आलं. आत ऋतुजा नावाची वकिलीच्या कॉलेजातली मुलगी बसली होती. चपला काढून एक पाय खुर्चीवर दुमडलेला, पेनाचं टोपण दातात. ती काही वाईट करत नव्हती. तिने पाय खाली सोडला, टोपण तोंडातून काढलं आणि ओढणी छातीवर ओढली. ओढणी जागेवरच होती, तरी ओढली. मी ती एवढीशी हालचाल बघितली, आणि मग नेहमीसारखं मला काहीच वाटेनासं झालं. मी तांदळातला खडा बाजूला काढला.

दारं काढायचा हुकूम वरून आला होता. ठाण्यातले हवालदार सुंदरराव स्वतः उभं राहून काढून घेत होते. माझा मुलगा राजेश्वर त्यांच्यासाठी खुर्ची पुसत होता. सुंदरराव सगळ्यांना ऐकू जाईल असं समजावून सांगत होते की मोठ्या शहरांत असल्याच बंद खोक्यात बसून लोक बाँबचे निरोप पाठवतात, पोरं नको ते बघतात, सरकारला लक्ष ठेवावंच लागतं. ज्याला लपवायचं काही न्हाई त्याला दाराची काय गरज, असं ते दोनदा म्हणाले. बजरंग दाराची फळी भिंतीला टेकवत म्हणाला, “मंग साहेब, मागं संडासाचंबी दार हाय. आलोच हाय तर त्येबी काढून टाकू का एकाच मजुरीत?” सगळे हसले, सुंदररावही हसले. ऋतुजा हसली नाही. ती सुंदररावांना म्हणाली, “काका, तुमचं पाकीट दाखवा बरं. चोरीचं हाय असं न्हाई म्हणत मी. निस्तं दाखवा.” सुंदररावांनी तिच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, “कुणाची गं तू?” आमच्याकडे हा प्रश्न आला की वाद संपतो. तिने वडलांचं नाव सांगितलं, पैसे ठेवले आणि गेली. बजरंगने उरलेली दारं काढली. संध्याकाळपर्यंत आमचं दुकान गोठ्यासारखं दिसायला लागलं, दावणीला दावण आणि मध्ये नुसत्या आडव्या फळ्या.

मला दाराचं काही वाटायला नको होतं, कारण माझा जन्म बिनदाराचाच गेला. सासरचं घर म्हणजे पुढे किराणा दुकान, मागे एक लांबलचक खोली आणि मध्ये गोणपाट. झोपायचं तिथे, बाळंत व्हायचं तिथे. मी कुणाशी काय बोलते, किती जेवते, कधी रडते हे सगळ्यांना मालूम असायचं, आणि ते वाईट असतं हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. सकाळी अंघोळीनंतर गळ्यातलं लिंग सोडून तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, तेवढा वेळ मात्र माझ्याशी कुणी बोलत नसे. सासूसुद्धा नाही. तळहाताकडे बघत बसलेल्या बाईला हाक मारायची नाही, एवढं आमच्यात पाळतात. मी पूजा लांबवत असे. देवासाठी लांबवत होते असं आता म्हणवत नाही.

माहेरची पत्रं यायची ती सासरे वाचून दाखवायचे. दुकानात, गिऱ्हाइकांच्या समोर, मोठ्याने. मी गोणपाटाच्या आड उभी राहून ऐकायची. त्यांचा आवाज सरळ जायचा, जसा भाव सांगताना जायचा. एकदा भावाचं पत्र वाचता वाचता तो आवाज थांबला. मग घसा खाकरून ते म्हणाले, बाकी सगळं ठीक हाय, ज्वारी बरी हाय. त्या थांबण्यात आईचा आजार होता. सुगी आली होती, घरात माणसांची गरज होती, म्हणून त्यांनी तो वाचला नाही. मी गेले तेव्हा आईला मातीत बसवूनही झालं होतं. पुष्कळ वर्षांनी, हे गेल्यावर, साक्षरतेचे वर्ग निघाले तेव्हा मी पाटी घेऊन जाऊन बसले. लोकांना वाटलं म्हातारीला हौस. मला माझी पत्रं वाचायची होती. अक्षर लागायला लागलं तोवर मला पत्र लिहिणारं कुणी उरलं नव्हतं, आणि जे उरले होते त्यांच्याकडे फोन आले होते. मग मी दुकानांच्या पाट्या वाचत हिंडले, पुड्यांचे कागद वाचले. राजेश्वरने किराणा मोडून बीडच्या या रस्त्यावर नेट कॅफे टाकला तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा पत्रं आली. पण ती विंग्रजी अक्षरात होती. माणसं मराठी बोलायची आणि विंग्रजी अक्षरं बडवायची. मी पुन्हा गोणपाटाच्या आड.

आमच्या दुकानाची एक रीत होती. आलेल्या माणसाला मशीन चालवता येत नसे. ऊसतोडीला गेलेल्यांची पोरं, नर्सा, नोकरीचे अर्ज करणारे, सगळे राजेश्वरलाच म्हणायचे, राजाभाऊ, आमचं खातं उघडून द्या. तो उघडून द्यायचा. खात्याला एक गुप्त शब्द लागतो, तो माणसं विसरायची आणि मग येऊन बसायची तोंड पाडून. म्हणून त्याने एक सोपी युक्ती काढली. ज्याचं जे गाव तोच त्याचा शब्द. गावाचं नाव कोण विसरतं? कुणी आलं की तो गल्ल्यावरूनच विचारायचा, गाव कोणतं, आणि आलेला माणूस सगळ्यांदेखत आपला गुप्त शब्द मोठ्याने सांगायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. पुष्कळांना तर तोच पत्रं वाचून दाखवायचा, त्यांच्या वतीने उत्तरं लिहायचा. त्याच्या मनात पाप नव्हतं. माझ्या सासऱ्यांच्याही नव्हतं.

दारं गेल्यावर बायका यायच्या बंद झाल्या. अंजना तेवढी येत राहिली. ही नांदूरघाटची, धनगराची लेक, इथल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स. बाप अजून मेंढरं घेऊन हिंडतो असं सांगायची. ती दुपारी ड्यूटी संपली की यायची आणि माझ्या अगदी शेजारचं, तीन नंबरचं मशीन धरायची. एकदा मी विचारलं, कोपऱ्यातलं रिकामं असताना इथं उजेडात का म्हनून बसतीस? ती म्हणाली, “काकू, तुमाला विंग्रजी येत न्हाई. सगळ्यात लपून बसायची जागा तुमच्यापाशीच हाय.” आणि हसली. मी तिच्या बोटांकडे बघत बसायची. स्पिरिटचा वास यायचा. ती काय लिहिते हे मला कळत नव्हतं आणि ते कळत नाही याचा मला कधी नव्हे तो आराम वाटायचा. कुणीतरी माझ्याजवळ बसून तळहाताकडे बघतंय असं वाटायचं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, लाइट नुकतीच आलेली असताना, भर उन्हात सुंदरराव आले. या वेळी खुर्चीवर बसले नाहीत. त्यांनी खिशातून एक चिठोरी काढून राजेश्वरपुढे ठेवली. त्यावर एका खात्याचं नाव होतं, तरवड. या खात्यावरून मुंबईला एक तक्रार गेली होती, तिथून ती सरकारी कचेरीत, आणि कचेरीतून फिरत फिरत ज्याच्याविरुद्ध होती त्या डॉक्टरच्याच टेबलावर आली होती. तक्रार करणाऱ्याने नाव घातलं नव्हतं, पण ती आमच्याच मशीनवरून गेली हे वरच्यांनी काढलं होतं. डॉक्टर मोठा माणूस होता, त्याच्या ओट्यावर निवडणुकीची बैठक बसायची. राजेश्वर म्हणाला, असली नावं पोरी सांगतात आणि मी खाती काढून देतो, कुणाची कोणती हे ध्यानात कुठं राहतं. सुंदररावांनी आवाज चढवला नाही. “उघडून बघ ना बे. आतलं वाचलं की माणूस कळतंच. संध्याकाळपर्यंत नाव दे. न्हाईतर तुझ्या दुकानाला सील लागंल, आन ते माझ्या हातात न्हाई.” जाताना ते माझ्याकडे वळून म्हणाले, काकू, चौकशी तुमच्या भल्याचीच हाय.

राजेश्वरने शटर अर्ध्यावर ओढलं. आत पिवळट अंधार झाला. तो तीन नंबरवरच बसला, कारण ते गल्ल्याजवळ होतं. तो मला म्हणाला, बस आई, बघू कोण हाय ही तरवड. त्याने गावं घालायला सुरुवात केली. गेवराई. उघडलं नाही. केज. नाही. माजलगाव, पाटोदा, शिरूर. प्रत्येक गाव तो तोंडाने म्हणत होता, आणि प्रत्येक गावाबरोबर मला तिथलं कुणीतरी आठवत होतं, एखादीची नथ, कुणाचा मुका मुलगा, गोदावरीच्या वाळूने भरलेल्या गाड्या. मी त्याला थांब म्हणाले की नाही ते मला नीट आठवत नाही. बहुतेक म्हणाले असेन. तो म्हणाला, “मी काय चोरी करतोय का? मीच उघडून दिलेत सगळ्यांचे.” मग त्याने नांदूरघाट घातलं. मशीन जरा घुरघुरलं आणि उघडलं.

तो वाचायला लागला. सवयीने मोठ्याने, जसा सगळ्यांना वाचून दाखवायचा तसा. त्यात लिहिलं होतं की या दवाखान्यात मशीनवर बघून पोटातलं सांगतात. तोंडाने सांगत नाहीत. मुलगा असला तर डॉक्टर नातेवाइकाला बसा म्हणतात आणि चहा मागवतात. मुलगी असली तर चहा येत नाही. लोकांना हे माहीत झालंय, ते बाकावर बसून चहाची वाट बघतात. चहा नाही आला की पुढच्या आठवड्यात बाई पुन्हा भरती होते, आणि कागदावर गर्भ आपोआप पडला असं लिहितात. मी नर्स आहे, ती भांडी मी उचलते. राजेश्वरचा आवाज सरळ चालला होता. अंजनीच ही, असं तो मध्येच म्हणाला, जिंकल्यासारखा. पुढे होतं की बायकांची नावं मी देत नाही, त्यांच्या घरात त्यांचे हाल होतील. फक्त एका बाईचं नाव देते, कारण— आणि तिथे तो थांबला.

मला ते थांबणं ओळखीचं होतं. मी विचारलं, पुढं? तो म्हणाला, “काय न्हाई. तेच ते.” मी पडद्याकडे बघितलं. काळ्या मुंग्यांच्या ओळी. एवढी पाटी गिरवली, एवढे पुड्यांचे कागद वाचले, आणि माझ्या घराचं पत्र माझ्यासमोर उघडं होतं आणि मला वाचता येत नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. त्याने खातं बंद केलं नाही, नुसती पडद्याची कळ दाबली, आणि शटरखालून वाकून बाहेर गेला. बाहेर तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मला त्याच्या पोटऱ्या तेवढ्या दिसत होत्या.

वर्षाराणीला, माझ्या सुनेला, गेल्या उन्हाळ्यात चौथा महिना होता. माझ्या नातीच्या, शिवानीच्या पाठीवरचं. मी कपिलधारला जाऊन मठातल्या स्वामींना सांगून आले होते की आठव्या महिन्यात यायचं. आमच्यात पोटातल्या जिवालाही लिंग देतात. ते आधी आईच्या अंगावर बांधतात आणि जन्मल्यावर ते त्या लेकराचं होतं. माणूस जगात येण्याआधी त्याचं स्वतःचं काहीतरी असतं. मग एक दिवस राजेश्वर तिला तपासायला घेऊन गेला आणि आल्या आल्या पायरीवर बसून म्हणाला, आई, चहा टाक. लई वेळ बसवलं, चहासुद्धा विचारला न्हाई. मी चहा टाकला. साखर जरा जास्त घातली, कारण तो थकलेला दिसत होता. पुढच्या आठवड्यात तिचं पडलं असं मला सांगण्यात आलं. मी डिंकाचे लाडू केले. स्वामींना निरोप पाठवला की यायची गरज नाही.

हे सगळं मी गल्ल्यापाशी उभी राहून एका ओळीत लावलं आणि मला वाटलं आता काहीतरी होईल, छातीत कळ येईल, ओरडावंसं वाटेल. काही झालं नाही. माझ्या हातांची बोटं मला दुसऱ्याची वाटत होती एवढंच. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत होती. आमच्यात जाळत नाहीत, मातीत बसवतात. प्रत्येकाला बसण्यापुरती जागा मिळते, मेलेल्या तान्ह्यालासुद्धा. त्या जिवाला कुठे ठेवलं असेल? अंजनाने ते भांडं उचलून कुठे नेलं असेल? मी चालत दुकानामागच्या स्वैपाकघरात गेले. वर्षाराणी परातीत पीठ मळत होती, शिवानी शाळेतून आलेली नव्हती. मी तिला विचारलं, “तुझं पडलतं, का पाडलं?”

तिचे हात थांबले नाहीत. “पाडलं,” ती म्हणाली.

मी विचारलं, तुला विचारलं होतं का. तिने मान हलवली, नाही अशीही नाही आणि होय अशीही नाही. ती सांगत गेली ते फार हळू, पिठाकडे बघून. बाकावर बसल्या बसल्या तिलाही चहाची वाट बघावी लागली होती. बाजूच्याला चहा आला, यांना आला नाही, तेव्हा तिने नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि त्याने खिशातली गाडीची किल्ली काढून बोटावर फिरवायला सुरुवात केली. पुढे कुणी काही बोललंच नाही. गाडीवर बसून घरी आले. मग माझ्याकडे बघून ती म्हणाली, “आत्या, तुमी चहा केलता. आम्हा दोघांनाबी. म्या पिला.”

ती पुढे म्हणाली की भरती केलं तेव्हा शेजारी अंजना होती. नंतर ती दुकानात यायची, तेव्हा पाणी द्यायच्या निमित्ताने दोघी बोलायच्या. अंजना तक्रारीत कुणाचंच नाव घालणार नव्हती. “मीच म्हणलं, माझं घाला. एक तरी नाव असल्याबिगर कोण खरं मानतंय? ते माझं हाय. मी कुणाला सांगायचं ते मी ठरवीन.” तिने हे तावाने म्हटलं नाही. भाकरीला पीठ किती लागेल ते सांगावं तसं म्हटलं. मला सांगावंसं वाटलं की राजेश्वरला कळलंय, त्याने वाचलंय, आणि अंजनाचं नाव आता त्याच्या जिभेवर आहे. मी सांगितलं. तिने तेव्हा मात्र हात परातीतून काढले.

बाहेर सुंदररावांची मोटारसायकल थांबली, तशी मी दुकानात आले. अजून संध्याकाळ व्हायची होती. राजेश्वरने त्यांना आत येऊ दिलं नाही, पायरीवरच थांबवलं. शटरखाली दोघांचे पाय दिसत होते, बूट आणि चपला, आणि आवाज स्पष्ट येत होते. सुंदररावांनी विचारलं, काय बे, निघालं का नाव. मी गल्ल्याला धरून उभी होते. अंजनाची नोकरी जाईल, आणि नुसती नोकरी जाऊन भागेल असा तो डॉक्टर नव्हता. हे मला कळत होतं, राजेश्वरलाही कळत असणार. पण त्याच्या गळ्यात अंजना अडकलेली नव्हती. तिथे कोणती ओळ अडकली होती ते मला माहीत होतं.

“न्हाई साहेब,” तो म्हणाला. “शब्दच लागंना. समदी गावं घालून बघितली.”

सुंदररावांनी जरा मऊ आवाजात विचारलं, “राजेश्वर, तुला काय लपवायचं हाय का?” राजेश्वर नाही म्हणाला. त्याने ते इतकं पटकन म्हटलं की बुटांनी एक पाऊल मागे घेतलं. दोघे बोलत राहिले, सील, साहेब, उद्या औरंगाबादचा जाणकार माणूस येईल, तोवर मशीनला हात लावू नको. माझ्या मागून कुणीतरी गेलं. वर्षाराणी तीन नंबरवर बसली होती. मी तिला त्या खुर्चीत कधी बघितलं नव्हतं. ती बारावी झालेली आहे हे आम्ही लग्नाच्या बोलणीत एकदा ऐकून विसरून गेलो होतो. तिने पडद्याची कळ दाबली. मुंग्यांच्या ओळी परत आल्या. दार नव्हतंच, ती पाठमोरी, सगळ्या दुकानाला उघडी बसली होती. हाताला पीठ होतं. ती एका बोटाने बडवत होती, मध्ये थांबत होती, पुन्हा बडवत होती. मी तिच्या आणि शटरच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि लुगडं जरा पसरून धरलं. मग ती उठली, पदराने हात पुसले, मला म्हणाली, “शिवानीला शाळेतून आणते. येताना अंजनाताईला भेटून येते,” आणि शटरखालून वाकून त्या दोन पुरुषांच्या मधून गेली. राजेश्वरने कुठं म्हणून विचारलं. तिने शाळेचं नाव सांगितलं.

सुंदरराव गेल्यावर राजेश्वर आत आला. तो माझ्याकडे बघत नव्हता. तो म्हणाला, आई, मी ते समदं पुसून टाकतो. झालं गेलं. कुणाचंच नाव राहायला नको, अंजनीचंबी न्हाई आन कुणाचंबी न्हाई. तो बसला, नांदूरघाट घातलं. मशीन घुरघुरलं आणि उघडलं नाही. त्याने पुन्हा घातलं, एकेक अक्षर बघून. मग बीड घातलं. मग कपिलधार. मग, जरा थांबून, वर्षाराणीच्या माहेरचं गाव घातलं. कळांवर पांढरं पीठ लागलेलं होतं आणि ते त्याच्या बोटांना येत होतं. त्याने बोटं एकमेकांवर घासली, त्यांच्याकडे बघितलं.

“आई,” तो म्हणाला, “तिनं काय घातलं? तू हितंच हुतीस.”

“मला विंग्रजी येत न्हाई,” मी म्हणाले.

त्याने पुन्हा सुरुवात केली. परळी. धारूर. आष्टी. उन्हं शटरखालून आत आली होती आणि त्याच्या पायांपर्यंत पोचली होती. तो एकेक गाव घालत राहिला, सुंदररावांना खोटं सांगितलं होतं तसंच, आता खरोखर, एकामागून एक, आणि कुठलंच गाव त्याला आत घेईना.